भाषणांपुरतं थांबवलेलं पाणी

शालिनीताई दामल्यांना कुठेही पाणी दिसलं की त्या आधी त्यात हात घालत. दोह्यातल्या द पर्ल या श्रीमंत वस्तीतलं कारंजं असो की कुणाच्या घरचा फिशटँक, मनगटापर्यंत हात बुडवायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "शी, शिळं पाणी." पहिल्या भेटीत मला त्या विक्षिप्तच वाटल्या.

ताई मत्स्यशास्त्रज्ञ. हिमाचलात ट्राउट माशांच्या नद्यांवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. ट्राउटला गार आणि सतत वाहतं पाणी लागतं. तिथली नदी वीजप्रकल्पासाठी बोगद्यात वळवली, तेव्हा मासे जगतील एवढं तरी पाणी खाली सोडा म्हणून त्या सगळ्यांशी भांडल्या. मंत्री पाहणीला आले की पाणी सुटे, त्यांची गाडी वळली की बंद. शेवटी उबग येऊन त्यांनी राजीनामा दिला आणि नवरा नोकरीला होता त्या दोह्यात आल्या.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी तेव्हा इथे जो तो काहीतरी बांधत होता. आमच्या हॉटेलमालकांना काचेच्या छताखाली डोंगरातला ओढा हवा होता, त्यात जिवंत ट्राउट आणि पाहुण्यांच्या हातात गळ. तेही वाळवंटात. मी त्या कामावर इंजिनिअर होतो, ताई सल्लागार. "हे लोक मासे आणणारच आहेत, निदान जगवू तरी," म्हणाल्या. अट एकच, पंप थांबवायचा नाही.

उद्घाटनाला पाण्याच्या आवाजात भाषणं ऐकू येईनात. मॅनेजर कुलकर्णींनी पंप बंद करायला लावला. "ताई, भाषणांपुरतं हो. पाच मिनिटं. यल्ला, चला, बसून घ्या."

भाषणं कधी पाच मिनिटांत संपली आहेत? मासे आ वासून पाइपच्या तोंडाशी गोळा झाले. ताई पंपाकडे धावल्या, तर सिक्युरिटीने दार अडवलं. पाहुण्यांना वाटलं मासे स्वागताला आलेत, त्यांनी फोटो काढले. टाळ्या वाजेपर्यंत पांढरी पोटं वर आली होती. कुलकर्णींनी ते मासेही वाया जाऊ दिले नाहीत. जेवणात लिंबाच्या फोडीसकट ताटात आले. मी ताट तसंच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी कुलकर्णी म्हणाले, "झालं गेलं, खलास. नवीन मासे मागवतोय. ताई, मासे आणायच्या सरकारी परवानगीवर तुमची सही लागेल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, राजीनामा फेका यांच्या तोंडावर."

"एकदा फेकलाय," त्या म्हणाल्या. "मला फार बरं वाटलं होतं. माझ्या जागी आला त्याने निमूट सह्या केल्या. पुढच्या उन्हाळ्यात नदीत नुसते गोटे होते."

त्या राहिल्या, आणि सही केली नाही. कुलकर्णी गोड बोलले, मग डोळे वटारले. सल्लागार बदलायचा तर परवानगीची सगळी यातायात पुन्हा, आणि वर्ल्ड कप तोंडावर आलेला. कुलकर्णींनी हात टेकले.

स्पर्धा सुरू झाली. ओढा खळाळत होता, पंप आता कोणी बंद करत नव्हतं. गळ टाकून कंटाळलेल्या एका पाहुण्याने मासे कुठे आहेत म्हणून विचारलं.

"नाहीत," ताई इंग्रजीत म्हणाल्या. "मी इथे आहे तोवर येणारही नाहीत."