सतरा नंबरची बकरी

गावातली मुलगी डॉक्टर होऊन आली की लोक आधी तिचा सत्कार करतात आणि मग आजारी जनावर तिच्या पुढ्यात आणून बांधतात. दामिनीच्या बाबतीतही तेच झालं. पोंभुर्ण्यापासून नऊ किलोमीटरवर मोहटोला आहे. तिथल्या बुद्धविहारात तिला शाल मिळाली, सरपंचांनी भाषण ठोकलं, आणि ते संपायच्या आत बुधरीबाई फुगल्या पोटाची बकरी ओढत घेऊन आली. दामिनीला सुई कुठे टोचायची तेसुद्धा ठाऊक नव्हतं. ती बकऱ्यांच्या रोगाची डॉक्टर होती खरी, पण तिचा सगळा रोग कॉम्प्युटरात राहायचा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं कुणीतरी मागून म्हणालं. सगळ्यात मोठ्यानं दामिनीच हसली, आणि परतीच्या बसमध्ये मात्र तिला ते टोचत राहिलं.

तिचं काम समजावून सांगणं सोपं नाही, पण प्रयत्न करू. बकऱ्यांना प्लेगसारखा एक रोग होतो. ताप येतो, नाक वाहतं, हगवण लागते, आणि पाच-सहा दिवसांत गोठा ओस पडतो. त्या रोगाचा विषाणू म्हणजे सोळा हजारांच्या आसपास अक्षरांची एक लांबलचक ओळ. एका बकरीतून दुसरीत जाता जाता त्यात एखाददुसरं अक्षर बदलतं. दोन बकऱ्यांमधल्या ओळी ताडून पाहिल्या की कुणाचा रोग कुणाच्या जवळचा ते कळतं, आणि त्यावरून रोगाची वंशावळ मांडता येते. नमुने दुसऱ्यानं गोळा करायचे, नागपूरच्या प्रयोगशाळेनं वाचायचे, आणि दामिनीनं चंद्रपुरातल्या भाड्याच्या खोलीत बसून ताडायचे. चार वर्षं हेच चाललं होतं. घरमालकीण सोडली तर दिवसचे दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. स्वतःचाच आवाज ऐकावा म्हणून ती कधीकधी नमुन्यांचे नंबर मोठ्यानं वाचायची.

संध्याकाळी सातला तेवढा आईचा फोन. वडील घनश्याम शाळेत शिपाई होते. मुलीला शिकवायचंच या हट्टापायी त्यांनी एक एक बकरी विकली होती, तरी गोठ्यात चार-पाच नेहमी ठेवल्याच. पाच वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून आई, इंदिराबाई, घरात एकटी. मायलेकींना फोनवर काय बोलावं ते सुचायचं नाही. आईला वंशावळ कळत नव्हती, दामिनीला गावच्या भानगडी आता ओळखू येत नव्हत्या. म्हणून ती रोज विचारायची, "बकऱ्या कशा हायेत?" आई म्हणायची, "बऱ्या हायेत." एवढ्यावर दोघींचा दिवस पुरा व्हायचा.

त्यातली एक बकरी दामिनीच्या यादीत होती. सतरा नंबर, मालक इंदिराबाई, मोहटोला. नकाशावर तिचा लाल ठिपका होता. अभ्यासात असला जीव लावू नये म्हणतात, पण काम उरकल्यावर तो ठिपका मोठा करून पाहायची तिला खोड होती. आईच्या सोबतीला कुणीतरी आहे, असं त्यानं वाटायचं. एरवी ती दोन महिन्यांतून एकदा घरी जायची. दुपारच्या बसनं यायची, पाचच्या बसनं परत. त्या वेळी गावच्या बकऱ्या जंगलातच असतात, त्यामुळे सतरा नंबरची भेट कधी झाली नव्हती.

या ताडाताडीतून एक मोठी गोष्ट हाती लागली होती. वैनगंगेच्या पलीकडे, मुलचेऱ्याच्या बाजूला रोगाची जी जात होती, नेमकी तीच नदीच्या अलीकडे मोहटोला आणि शेजारच्या दोन गावांतल्या सात बकऱ्यांत निघाली. मधल्या एकाही गावात तिचा मागमूस नव्हता. रोग उडी मारून आला कसा? दामिनीनं मांडलं की चितळांनी आणला, जंगलाजंगलानं. तिचे मार्गदर्शक अमर सर खूश झाले. लेख मोठ्या नियतकालिकानं जवळपास घेतला. त्या लेखाच्या जोरावर बंगळुरूच्या एका संस्थेनं दोन वर्षांची जागा देऊ केली होती. तिथे बारा जणांचा गट होता, एकत्र डबा खाणारा. पगारापेक्षा तिला त्या डब्याचीच जास्त ओढ होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

लेख तपासणाऱ्यांनी शेवटची एक मागणी केली. जंगलाला लागून असलेल्या गोठ्याचा, त्यातल्या बकऱ्यांसकट, फोटो हवा. दामिनीला वाटलं, आईचाच गोठा जंगलाला पाठ लावून उभा आहे, दुसरीकडे कशाला जा. या खेपेला ती मुक्कामाला गेली. दिवस मावळताना गोठ्याच्या तोंडाशी मोबाइल धरून उभी राहिली. धूळ उडाली, बकऱ्या गावात शिरल्या, आपापल्या दारी वळल्या. या दारी एकही आली नाही. तिनं आत वाकून पाहिलं. गोठ्यात तुरीच्या वाळलेल्या तुऱ्हाट्या रचलेल्या होत्या आणि दावणीला कोळ्यानं जाळं केलं होतं.

"कोणाची वाट पाहून राह्यली?" आईनं मागून विचारलं.

बकऱ्यांची, असं दामिनी म्हणाली. आई म्हणाली, "त्या इथी नाईत बाई. रुखमाकडे हायेत. तीन वर्स होत आले."

रुखमामावशी, आईची धाकटी बहीण, मुलचेऱ्याजवळ राहते. आईनं तिला बकऱ्या बटईनं दिल्या होत्या. बकरी माझी, राखण तुझी, होतील ती पिल्लं निम्मी निम्मी. आपल्याकडे हा व्यवहार घरोघरी चालतो, त्याचा कागद होत नाही, आणि बकरी कुठेही चरली तरी मालकाचीच म्हणवली जाते. हे दामिनीला पाळण्यापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर घोळ झाला. सरकारी फॉर्ममधला 'पशुपालकाचे संपूर्ण नाव व पत्ता' तिनं खोडला होता आणि मोठ्या ऐटीत आपल्या माणसांच्या भाषेत लिहिलं होतं, 'बकरी कोणाची?' परक्या माणसानं फॉर्म केला असता तर बकरी कुठे बांधलेली आहे ते आधी विचारलं असतं.

तिनं तिथूनच दिनेशला फोन लावला. नमुने गोळा करणारा पशुधन पर्यवेक्षक तोच. त्यानं दोन्ही तालुके मोटारसायकलवर पालथे घातले होते. सतरा नंबर कुठे घेतला, असं विचारल्यावर त्यानं लगेच सांगितलं, मुलचेऱ्याकडे, रुखमाबाईच्या अंगणात.

"मंग मोहटोला काऊन लिहिलं, दिनेशभाऊ?"

"म्याडम, तुमच्या फारमात तेवढाच रकाना होता. मी इचारलं कोणाची, त्या म्हणे इंदिराबाईची, मोहटोल्याची. मले वाटलं तुमाले तेच पायजे."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दामिनीनं दुसऱ्या दिवशी उरलेल्या सहा मालकांची घरं गाठली. सहाही बकऱ्या नदीपलीकडे नातलगांकडे होत्या. रोगानं नदी ओलांडलीच नव्हती, चितळं बिचारी निर्दोष होती. प्रत्येक घरी एखादंच म्हातारं माणूस भेटलं. पोचूभाऊंचा मुलगा हैदराबादला, डोमाजींच्या दोन्ही मुली पुण्याला. सगळ्यांनी चहा केला, सगळ्यांनी थांब म्हटलं, आणि बकऱ्या काऊन दिल्या याचं उत्तरही सगळ्यांचं एकच. आईनं आदल्या रात्री जेवताना तेच दिलं होतं. "बकऱ्या ठेवायले घरात मानूस लागते. मी एकटी आजारी पडली तं त्यायले पाला कोन टाकीन?"

"मंग फोनवर बऱ्या हायेत म्हणत होतीस."

"बऱ्याच हायेत नं. एक मेली रोगानं, बाकीच्या रुखमाकडे बऱ्या हायेत. तू तेवढंच इचारत होती."

चंद्रपूरला परतून तिनं अमर सरांना सगळं सांगितलं. सात ओळी आहेत, त्या पुन्हा कोण तपासणार, असं ते म्हणू शकले असते. त्यांच्या मनात आलंही असेल. पण लेखावर पहिलं नाव तुझं आहे, तू ठरव, एवढंच बोलले. दामिनीनं लेख मागे घेतला. पंधरा दिवसांनी बंगळुरूहून पत्र आलं, गोड शब्दांत, जागा यंदा भरणार नसल्याचं. त्या दिवशी ती रडली. कुणापासून लपवायचं नव्हतं, त्यामुळे चांगली पोटभर रडली.

मग तिनं फॉर्ममध्ये 'राहते कुठे' असा रकाना घातला आणि सातही ठिपके उचलून नदीपलीकडे नेऊन ठेवले. सतरा नंबर सगळ्यात शेवटी. अलीकडच्या काठाला त्या तीन गावांवर आता काहीच उरलं नाही.

संध्याकाळी सातला फोन वाजला. दामिनीनं उचलला आणि नेहमीचा प्रश्न ओठांवर येऊन थांबला. आता दुसरं काय विचारायचं ते तिला आठवेना. तब्येत विचारावी तर आई बरी म्हणणार. जागा गेली ते सांगावं तर आई रात्रभर जागणार. पलीकडे आईही वाट पाहत होती. चुलीतलं लाकूड तडतडलेलं फोनवर ऐकू आलं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

शेवटी न विचारताच आई म्हणाली, "बकऱ्या बऱ्या हायेत."