मामानं तपासलेली अंबाडी

आमच्या मामाइतका संशयी माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा न्हाय, आणि त्याच्याइतका भरवशाचाही! आमच्या बौद्धवाड्यातला पहिला बी.एस्सी., सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट. पोलिसांनी पकडलेली अफू, गांजा तपासायचं काम. पण सुट्टीत गावी आला तरी तपासणी चालूच! आजीनं ताटात मीठ वाढलं की चिमटीत धरून उजेडाला न्यायचा, म्हणायचा, "दिसतंय मिठासारखं." मुलगी बघायला गेला, तिथं कुणी विचारलं, पसंत का? तर म्हणे, "प्राथमिक मत चांगलं आहे!" मामी अजून हसत सांगते.

दुष्काळात तर कहरच झाला. गावातला तात्या, म्हातारा शेतकरी, वाळवलेल्या अंबाडीच्या पाल्याचं पोतं घेऊन भूमला लेकीकडं निघालेला. हिरवी भाजी कुठं होती त्या साली? एसटीत नव्या फौजदारानं पोतं उघडलं. फौजदार लांबचा, अंबाडी कधी ताटात न पाहिलेला. पंजासारखी कातरलेली पानं बघितली आणि ओरडला, "गांजा!" तात्या कोठडीत, पाला सीलबंद होऊन थेट मामाच्या टेबलावर!

आजी तडक मामाकडं गेली. "आरं, अंबाडी खाऊनच वाढलास न्हवं तू? टाक लिहून!"

"आये, न तपासता लिहिलं तर कोर्ट म्हणंल, गाववाल्याला वाचवतोय. तात्या आणखीच अडकंल."

"आन् गांजा निघाला तर?"

"तर गांजा लिहीन."

आजी रागानं जेवलीच न्हाय.

मामानं दोन नळ्या घेतल्या. एकीत खरा गांजा, दुसरीत तात्याचा पाला, दोन्हींत तेच रसायन. गांजाची नळी जांभळीगर्द झाली, तात्याची न्हाय. तरी गड्यानं परत करून बघितलं, पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, मगच सही केली.

तात्या सुटला. एसटीतनं उतरला तो स्वतःच्या घरी न जाता आमच्याकडं आला. जन्मभर आमच्या दाराबाहेर उभं राहून बोललेला माणूस! उंबरा ओलांडून आत आला, भिंतीला टेकून बसला आणि आजीला म्हणाला, "पाणी दे गं बाई." आजीनं टँकरचं पाणी तांब्याभर दिलं. तो म्हणाला, "तुझ्या पोरानं वाचवलं मला."

"वाचवलं न्हाय," आजी ताठ मानेनं म्हणाली, "तपासलं."

मामा तेव्हा तिकडं लांब, नळ्या धूत बसला असंल. आमी त्याला हे लई वेळा सांगितलंय. तो ऐकून घेतो. मग हळूच विचारतो, "सगळं पाणी पिला का रे?"