चण्याच्या पुडीतलं हृदय

आमच्या दांडिया बाजारात एक चणेवाला आहे. त्याच्या भट्टीपुढे मे महिन्याचं ऊनसुद्धा घाम पुसत उभं राहतं. सुट्टी लागली की पोरं जुनी पुस्तकं रद्दीत घालतात. ती हा घेऊन येतो, आणि पान वाचून झाल्याशिवाय त्यात चणे बांधत नाही. धडा लांबला की गिऱ्हाइकांची रांग थेट रेल्वे स्टेशनापलीकडच्या अलकापुरीपर्यंत जाते. दहावीच्या विज्ञानात तो दोनदा राहिलाय. पुढच्या महिन्यात तिसरी खेप.

गेल्या आठवड्यात घाईत त्याने न वाचलेलंच पान मला दिलं. मी कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच तो झारा घेऊन मागे धावत आला.

"काका, ऊभा रो, थांबा. हृदयाचे दोन कप्पे तुमच्याकडे आलेत."

"मग चणे कुठे ठेवू?"

"खिशात ठेवा. परीक्षा माझी आहे, तुमची नाही."

मी गरम चणे खिशात ओतले. माझी मांडी अजून साक्ष देईल. त्याने पान पोटावर घासून सरळ केलं, ओठ हलवत वाचलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बोला, फुप्फुसातून आलेलं रक्त कुठल्या कप्प्यात येतं?"

मी ठोकून दिलं, "उजव्या." तेव्हापासून तो रोज आधी प्रश्न विचारतो, आणि उत्तर चुकलं की चणे देत नाही. परीक्षा माझी नाही, असं तोच म्हणाला होता. तरी रोज दुपारी मी हृदय पाठ करूनच घराबाहेर पडतो.