पुडीवरचा चंद्र

गोळ्यांच्या पट्टीवरचं बारीक इंग्रजी वाचताना मला अजून आमचे कंपाउंडर अण्णा आठवतात. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ते औषधं द्यायचे. नव्वदच्या दशकात चकचकीत छापील पाकिटं आली, तरी अण्णा कागदाच्या पुडीवर चित्रंच काढायचे. सकाळच्या गोळीला उगवता सूर्य, दुपारच्या गोळीला डोक्यावरचा, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. जेवणानंतर घ्यायची असेल तर शेजारी केळीचं पान. माझ्या आईला ना तमिळ वाचता येई, ना मराठी. पण अण्णांची पुडी ती घडाघडा वाचायची.

चित्र काढताना ते जीभ दातांत धरायचे. मग विचारायचे, "काय लिहिलंय, सांगा बघू?" बरोबर सांगितल्याशिवाय पुडी मिळत नसे.

एकदा तिरुवैयारुकडची एक म्हातारी धापा टाकत आली. रात्रीची गोळी तिने दोन दिवस घेतलीच नव्हती.

"अमावास्या होती, अय्या," ती तमिळमध्ये म्हणाली. "चंद्र कुठे होता?"

रांगेतले आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तिला बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. मग चंद्र काढून दिलेल्या सगळ्या पेशंटांची नावं रजिस्टरातून उतरवली आणि सायकल काढली.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आईच्या पुडीवरचा चंद्र खोडून त्यांनी तिथे अंथरलेली चटई आणि उशी काढली.

"माझंच लिहायला चुकलं, अक्का," ते म्हणाले. "चंद्र सुट्टी घेतो. झोप तर रोजच येते."