ओल्या वाळूवरचं माप

तळवलीतला तो म्हातारा सायकलवाला गिऱ्हाइकाला आधी ओल्या वाळूवर बसवायचा आणि उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर बोटांनी मोजून सीट निवडायचा. गावच्या जमिनी सरकार घेत होतं, त्याविरुद्धची पत्रकं माझ्या पिशवीत होती. ती वाटणाऱ्या दोघांना आदल्याच दिवशी पोलिसांनी उचललं होतं. मी स्प्रिंगची रुंद सीट मागितली. पिशवीतून डोकावणारं पत्रक त्याने हळूच आत सारलं.

“बाला, ही आरामात जानाऱ्याची हाय. जोरात पलवताना मांड्या घासतान. तुला कंची?”

“मी पळणारा नाही. रुंदच द्या.” मी पिशवी काखेत दाबली.

लांबून पोलिसांची जीप येत होती. म्हाताऱ्याने अरुंद सीट उचलली आणि माझ्या सायकलवर बसवायला घेतली. मी त्याला थांबवलं नाही.