नस काढलेला दात

धडगावच्या आमच्या तहसील ऑफिसात डबे उघडले की एकेक किस्सा निघतो आणि साठत जातो. हल्ली मात्र सगळे किस्से माझ्या एकाच दातावरचे. रूट कॅनाल झालेला, वर कॅप बसवलेली, आणि तरीही ठणकणारा!

*

कॅप बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी भाकरीचा घास चावला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. नंदुरबारला डॉक्टरांना फोन लावला.

"शक्यच नाही. दुखायला नस लागते. ती मी काढलीय!"

"मग डॉक्टर, हे दुखतंय ते कोणाचं?"

"दोन दिवस बघा," म्हणाले.

बघितले. दात दोन्ही दिवस ठणकला!

*

शेजारच्या टेबलावरचे पाटील तापीकाठचे, अहिराणी बोलणारे. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर उपाय.

"लवंग दाबी ठेव. पाच मिन्टमा गायब!"

दाबली. जीभ, गाल, हिरडी, सगळं पेटलं.

"आते कसं वाटस?"

"तोंड जळतंय हो!"

"मंग! दातनी याद तरी राहिनी का?"

*

सोमवारी धडगावला यायला शेअर जीप. घाटात प्रत्येक खड्ड्याला दातावर दात आपटायचा. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तोंड उघडं ठेवा."

ठेवलं. पुढच्याच वळणावर शेजारच्या बाईंनी घाईघाईने मला खिडकीची जागा दिली आणि मागून कोणीतरी प्लास्टिकची पिशवी पुढे केली!

*

दहाव्या दिवशी रजा टाकून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी निळा कागद चावायला लावला.

"अरे, कॅप केसभर उंच बसलीय. सगळा भार तिच्यावरच येतोय." दोन मिनिटं घासली. खरंच उतरलं दुखणं!

वर मलाच म्हणतात, "आधी नाही का सांगायचं?"

चार फोन केले होते मी. चार!

*

पण सगळ्यात वरचा किस्सा त्याच्या आदल्या दिवसाचा. डोंगरातल्या पाड्यावरून एक म्हातारी आली होती. घरी पावरी बोलणारी, आमच्याशी मोडकं मराठी. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं, त्यासाठी तिची ही तिसरी खेप. दात असा ठणकत होता की मला बोलवेना. गाल धरून, पाणावल्या डोळ्यांनी कसंबसं म्हणालो, "आजी, आज सर्व्हर बंद आहे."

तिनं माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं. मग टेबलाला वळसा घालून आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली,

"रडू नको रे भाऊ. मी परत येईल ना!"