रिकाम्या सीटा

पीण्या या कानडी मुलखातल्या औद्योगिक वसाहतीत पद्मावती अक्कांचं गॅरेज आहे. जीप उंच करून घेतली की मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट आखूड पडतो, तिरका होतो आणि गाडी थरथरते. अक्का नवा लांब शाफ्ट बसवतात आणि ॲक्सलचा कोन जुळवून देतात. पण वजनानं कोन बदलतो, म्हणून रोजची माणसं गाडीत बसल्याशिवाय अक्का पान्याला हात लावत नाहीत. त्यामुळे तिथे कायम कुणाची तरी सासू नाहीतर पोरं जीपमध्ये बसून चिवडा खात असतात.

मी एकटाच गेलो.

"बाकीचे कुठे आहेत?" अक्का खेकसल्या.

"कोणी नाही. मी एकटाच फिरतो."

"मग मागच्या सीटा काढून टाकू. सरी? चालेल ना?"

मला हो म्हणवेना. मग अक्का पदर खोचून स्वतःच मागे चढल्या, शेजारच्या चहावाल्यालाही ओढून बसवलं आणि कारागिराला म्हणाल्या, "हं, आता जुळव."

काम झाल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवत त्यांनी बजावलं, "एकटा असलास की स्वल्प थरथरेल. ती तक्रार माझ्याकडे आणायची नाही."